अकरा वळू आणि एक गृहस्थ

आमच्या ऑफिसात अकरा वळू आहेत. हे वाक्य कुठल्याही नोकरदाराने म्हटलं तर ऐकणारा समजून हसतो, म्हणून आधीच सांगतो की आमचे वळू खरे आहेत. चार पायांचे, नाकात वेसण घातलेले, दहा-दहा क्विंटलचे. आमचं वळू केंद्र आहे. वळूंचं रेत गोळा करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, बारीक नळ्यांत भरून गोठवायचं आणि गावोगावच्या गायींसाठी पाठवायचं, हे आमचं काम. मी तिथे हेडक्लार्क. म्हणजे वळू जे करतात त्याची मी नोंद करतो. सव्वीस वर्षं करतो आहे.

आमच्या हिला हे काम चारचौघांत सांगायची लाज वाटते. "हे पशुधन विकासात असतात," एवढंच ती सांगते आणि लगेच समोरच्याला पाणी हवं का म्हणून विचारते. एकदा जाऊबाईंनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, अगदी खोदून खोदून विचारलं, की भावोजी तिथे नेमकं करतात तरी काय. तेव्हा हिने "आयात-निर्यात" असं सांगून वेळ मारून नेली. भाऊ अधिकारी आहे. दारावर पाटी, पाटीवर हुद्दा. आमच्या दारावर नुसतं आडनाव.

त्या पाटीसाठीच पुढचं सगळं रामायण घडलं. आमचे अधीक्षक तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची खुर्ची मला मिळावी, अशी माझी फार इच्छा होती. ती मी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. हिने मात्र साऱ्या इमारतीला सांगितली होती. खुर्चीला दुसरा दावेदार होता माझ्याच हाताखालचा एक क्लार्क. त्याला आम्ही 'तत्पर' म्हणतो, कारण साहेब खुर्चीतून उठायच्या आत तो दार उघडून उभा असतो. सव्वीस वर्षांत मी एकदाही साहेबांसाठी दार उघडलेलं नाही. उद्धटपणा नव्हे हो, माझं टेबल दारापासून लांब आहे.

अशात मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. वळूंची प्रजननक्षमता आणि रेताचा दर्जा आता जनुकीय खुणांवरून ठरवला जाणार होता. म्हणजे वळू प्रत्यक्षात काय दिवे लावतो ते बघत बसायचं नाही. त्याच्या अंगात जन्मतःच काय लिहून ठेवलंय ते प्रयोगशाळेत वाचायचं आणि शंभरापैकी गुण द्यायचे. त्यासाठी प्रत्येक वळूच्या शेपटीच्या गोंड्याचे वीस केस मुळांसकट उपटून, पाकिटात घालून, सोबत फॉर्म भरून पाठवायचे. केंद्रप्रमुख डॉक्टरसाहेबांनी परिपत्रक माझ्याकडे सरकवलं.

"हे तुम्हीच बघा," ते म्हणाले. "तुमच्या फायलीला बरं दिसेल."

एवढं ऐकलं आणि मी घरी जाऊन सांगण्याची चूक केली. संध्याकाळपर्यंत सल्लागार जमले. समोरच्या दारातले नाना कोर्टाच्या कचेरीत चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात काहीही बिघडलं तरी पत्राचा मसुदा नीट असेल तर माणूस वाचतो. त्यांनी मला 'केस' या विषयावर पाऊण तास मार्गदर्शन केलं. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांनी वेगळंच विचारलं. ही चाचणी माणसांवर चालते का? त्यांच्या मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मी म्हटलं, नाही चालत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात गुपचूप एक पाकीट दिलं. आत जावयाच्या कंगव्यातले केस होते.

"अहो, हे फक्त वळूंसाठी आहे," मी म्हटलं.

"त्याचं खाणं बघितलंत तर असं म्हणणार नाही तुम्ही," ते म्हणाले. ते पाकीट परत करायला मला दोन मजले आणि एक चहा एवढा खर्च आला.

नमुने घ्यायच्या दिवशी मी नवा शर्ट घालून गोठ्याकडे गेलो. फॉर्मवर खाली स्पष्ट छापलं होतं: 'वरील नमुना माझ्या समक्ष घेण्यात आला.' त्याखाली सहीची जागा. गोठ्यात पहिलाच उभा होता सरदार. काळाभोर, खांदा माझ्या टोपीच्या वर. त्याने मान न वळवता नुसती नजर माझ्याकडे वळवली आणि एक श्वास सोडला. त्या श्वासाने माझ्या हातातले फॉर्म उडाले. मी ते गोळा करत करत बराच मागे आलो.

आमच्या गोठ्याचं सगळं बघतात ते मामा. ते कुणाचे मामा हे आता कुणालाच आठवत नाही. अठरा वर्षं ते वळूंबरोबर आहेत; त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्या वळूचं पोट बिघडलंय हे ते त्याच्या उभं राहण्यावरून सांगतात.

"भाऊसाहेब, तुम्ही कशाला इथे पाय खराब करता," मामा म्हणाले. "पाकिटं ठेवून जा. मी आणून देतो."

हे इतकं समंजस बोलणं होतं की मला ते टाळवेना. मी टेबलाशी येऊन बसलो आणि अकराही फॉर्मवर 'माझ्या समक्ष' खाली सह्या करून टाकल्या. आता यावर कुणी नाक मुरडू नये. ऑफिसात 'समक्ष' या शब्दाचा अर्थ 'माझ्या टेबलावर कागद आला तेव्हा मी जागा होतो' असाच आहे. चाऱ्याचे ट्रक माझ्या समक्ष उतरतात, उंदीर माझ्या समक्ष मारले जातात, पाण्याची टाकी दर सहा महिन्यांनी माझ्या समक्ष धुतली जाते. ती टाकी कुठे आहे हे मला माहीत नाही.

मामा वीस मिनिटांत अकरा पाकिटं घेऊन आले. अकरा वळूंच्या शेपट्या वीस मिनिटांत कशा उपटून झाल्या, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला तेव्हा पाटीवरची अक्षरं दिसत होती.

महिन्याभराने निकाल आला. अकराच्या अकरा वळूंना शंभरापैकी सत्त्याण्णव.

डॉक्टरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांत कुठल्याही प्रमुखासमोर मी प्रथमच बसलो. फक्त एक अडचण होती, ती सरदारची. दोन वर्षं त्याचं निम्मं रेत आम्ही तपासणीनंतर फेकून देत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात फारशी हालचालच दिसत नसे. त्यालाही सत्त्याण्णव. यावर डॉक्टरसाहेबांनी थोडा विचार केला आणि सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला पाठवला.

मुख्य कार्यालयाला तर स्वर्ग दोन बोटं उरला. इतर केंद्रांत कुठे चाळीस, कुठे ऐंशी, कुठे पंचावन्न, असा सगळा पसारा. आमच्याकडे एका रांगेत सत्त्याण्णव. सगळं सारखं असणं हे कुठल्याही ऑफिसचं जुनं स्वप्न असतं, आणि ते आम्ही जनावरांत करून दाखवलं होतं. अभिनंदनाचं पत्र आलं. त्यात माझा उल्लेख 'संबंधित कर्मचारी' असा होता. हिने ते पत्र लॅमिनेट करून आणलं. 'संबंधित कर्मचारी म्हणजे हेच,' असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवायची. जाऊबाईंना तिने मुद्दाम जेवायला बोलावलं, आणि प्रथमच, अगदी ताठ मानेने, माझं काम काय आहे ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. जाऊबाईंचा घास हातातच राहिला.

तत्परसुद्धा मला "सर" म्हणू लागला. मी दाराजवळून जात असलो तर दार उघडू लागला. खोटं कशाला बोला, मला ते आवडत होतं.

मग एका सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. एका तरुण बाईंचा आवाज, फार नम्र.

"सर, तुमच्या अकरा नमुन्यांबद्दल थोडं विचारायचं होतं. ते सगळे एकाच जनावराचे आहेत."

"एकाच जातीचे असतील," मी म्हटलं.

"नाही सर. जनावर एकच."

"मग भाऊ-भाऊ असतील. जुळेही असतात."

"अकरा जुळे, सर?" बाई म्हणाल्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, हसल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. मुख्य कार्यालयालाही कळवावं लागेल, तसा नियम आहे, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी गोठ्याकडे जवळजवळ पळत गेलो. मामा पाण्याचा हौद घासत होते.

"मामा, ते केस कुणाचे दिले होते तुम्ही?"

"गृहस्थाचे," मामा म्हणाले, आणि घासत राहिले.

गृहस्थ कोण, ते सांगायला हवं. रेत गोळा करायच्या वेळी वळूसमोर दुसरं एक जनावर उभं करावं लागतं. वळू त्याच्यावर चढतो आणि तेवढ्यात आमची माणसं नळी धरतात. त्या कामासाठी आमच्याकडे एक तांबूस बैल आहे. लहानपणीच खच्ची केलेला. आठवड्यातून चार दिवस अकरा वळू त्याच्या पाठीवर चढतात आणि तो समोर बघत रवंथ करत उभा राहतो. हलत नाही, ओरडत नाही, कुणाला कधी शिंग लावत नाही. म्हणून सगळे त्याला गृहस्थ म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं तो लग्न झालेला असावा.

"अहो मामा, पण का?"

"शेपटीचे केस उपटले की वळू चार दिवस कामाला उभा राहत नाही, भाऊसाहेब. मग तुम्हीच विचारता, या आठवड्यात नळ्या कमी का. शिवाय त्यांना दुखतं. हा बिचारा काही म्हणत नाही. याचे तरी मी एकदम नाही उपटले, मध्ये मध्ये थांबलो." मामांनी हौदातला हात काढून पुसला. "केसांत काय बघतात ते मला कुठे ठाऊक? मला वाटलं, पाकिटं भरायची आहेत."

मी तिथेच चाऱ्याच्या पेंडीवर बसलो. म्हणजे सबंध विभागातलं सर्वोत्तम रेत ज्याच्या अंगी होतं तो आमचा खच्ची बैल होता. निसर्गाने त्याला सत्त्याण्णव गुण दिले होते आणि आम्ही त्याला दुसऱ्यांसाठी उभा केला होता.

दुपारी खुलाशाची मागणी आली: 'अकरा वळू एकच कसे, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं नाही.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मामांनी फसवलं. तुम्ही विश्वास ठेवलात. तसं लिहा, मी वर पाठवतो. त्यांना काढावं लागेल, पण तुमचं नाव स्वच्छ राहील. पुढच्याच आठवड्यात अधीक्षकपदाचं ठरतंय, हे लक्षात ठेवा."

घरी त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. नाना मसुदा घेऊनच आले होते. "एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "खुलाशात 'मी' हा शब्द येता कामा नये. 'नमुने घेण्यात आले.' कुणी घेतले? घेण्यात आले. 'सह्या करण्यात आल्या.' कुणी केल्या? करण्यात आल्या. चाळीस वर्षांत मी एकही गोष्ट केलेली नाही, सगळ्या करण्यात आल्या." मसुदा खरोखर उत्तम होता. त्यात गुन्हा होता आणि गुन्हेगार कुठेच नव्हता. पण डॉक्टरसाहेबांना नाव हवं होतं, आणि कर्मणी प्रयोगाची नोकरी घालवता येत नाही.

नाना गेल्यावर ही म्हणाली, "मामांचंच नाव लिहा ना. चूक त्यांचीच आहे." थोडं थांबून म्हणाली, "आहे ना?" मी नानांच्या मसुद्याची घडी घालत बसलो. मग ती भांडी आवरायला उठली. मला वाटतं तिला उत्तर कळलं असावं, कारण भांड्यांचा आवाज फार होत होता.

दुसऱ्या दिवशी मी मामांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील, हातापाया पडतील, निदान तोंड फिरवतील. म्हणजे मला त्यांचं नाव लिहायला बळ आलं असतं. मामा म्हणाले, "लिहा की. मला वाचता येत नाही, पण तुम्ही लिहिता ते बरोबरच असतं, भाऊसाहेब."

या वाक्यानंतर माणसाने काय करावं? मी टेबलाशी आलो, नानांचा मसुदा खणात टाकला आणि लिहिलं: 'नमुने घेताना मी हजर नव्हतो. मला वळूंची भीती वाटते. सर्व सह्या मी माझ्या टेबलावर बसून केल्या. गोठ्यातील कर्मचाऱ्याला नमुन्यांचा उपयोग कुणी समजावून सांगितला नव्हता. ते काम माझं होतं.' पाच वाक्यांत पाच वेळा मी, मला, माझं. नानांनी वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ पुन्हा घातला नाही.

मामा राहिले. तत्पर अधीक्षक झाला. डॉक्टरसाहेबांनी मला मुद्दाम बोलावून समजावलं. तसे ते वाईट नाहीत. "तुम्ही फार सरळ आहात," ते म्हणाले. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वरच्या जागेवर थोडी रग लागते हो. हेडक्लार्क म्हणून मात्र तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही." मी 'हो' म्हटलं आणि बाहेर आलो. दार नव्या अधीक्षकाने उघडलं, सवयीने. घरी हिने ते लॅमिनेट केलेलं पत्र भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते स्वतःसाठी कमी आणि तिने जाऊबाईंना वाढलेल्या त्या जेवणासाठी जास्त वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मग मुख्य कार्यालय कसलं? पंधरा दिवसांत नवं पत्र आलं. 'अकरा नमुने ज्या जनावराचे आहेत ते सर्वोत्कृष्ट असल्याने त्याचे रेत संकलन तात्काळ सुरू करून दोनशे मात्रा पाठवाव्यात.' आम्ही कळवलं की सदर जनावर बैल आहे. उत्तर आलं की बैल असल्यास हरकत नाही, संकलन सुरू करावे. नव्या अधीक्षकाने मग शेजारच्या शाळेतल्या मास्तरांकडून योग्य शब्द विचारून घेऊन सविस्तर कळवलं. त्यावर मात्र तिकडे हलकल्लोळ झाला. 'इतके मौल्यवान जनावर कोणाच्या शिफारशीने खच्ची करण्यात आले, मूळ कागदासह कळवावे.' बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसलाच प्रकार. आमचा बैल निदान जागेवर होता.

कागद शोधायचं काम अर्थातच माझं. अकरा वर्षांपूर्वीची फाईल माळ्यावर सापडली. त्यात एकच पान होतं. खाली तेव्हाच्या प्रमुखांची सही, आणि वर शिफारस. अक्षर माझं होतं.

मी ते पान घेऊन गोठ्यात गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसात ते पान घेऊन बसवेना. दुपारची वेळ होती, वळू झोपले होते. मामा गृहस्थाच्या पाठीवरून ब्रश फिरवत होते.

"काय लिहिलंय?" मामांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "'सदर वासरू स्वभावाने अत्यंत गरीब असून कोणासही मारत नाही, राग धरत नाही. अंगात रग नसल्याने वळू म्हणून निरुपयोगी. सबब खच्ची करून इतर कामास लावण्यास हरकत नसावी.'"

"तेव्हा याला बघितलं होतं का तुम्ही?"

"नाही. कुणीतरी दारातून सांगितलं असेल. मी लिहून टाकलं असेल."

मामांनी ब्रश बाजूला ठेवला आणि मला जागा करून दिली. मी जवळ गेलो. पाठीच्या मधोमध केस झिजून कातडं दिसत होतं, वळूंच्या खुरांनी पडलेले जुने वण होते. गृहस्थाने मान वळवून माझी बाही हुंगली. मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याची माफी मागितली, मामांच्या देखत, मोठ्याने. आयुष्यात मी कुणाची एवढी मनापासून माफी मागितलेली नाही.

मामा ब्रश झटकत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, भाऊसाहेब. तो राग धरत नाही. तेच तर लिहिलंय ना तुम्ही त्यात."